कॉलेजच्या ई-सेलमधनं खरंच कोण धंद्याला लागतंय का?

सेकंडइयर_मेक
नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजचं नाव घालत नाही कारण आमचे सर इथं वाचत असतात असा संशय आहे. आमच्याकडं पोरांनीच चालवलेला उद्योजकता सेल आहे, सगळे ई-सेल म्हणतात. चौदा जण आहोत. गेल्या वर्षी काय केलं तर दोन लेक्चरं, एक आयडिया स्पर्धा, एक पोस्टर स्पर्धा आणि सगळ्यांना सर्टिफिकेट. स्पर्धेत पहिली आलेली टीम ड्रोननं ऊस फवारणी करणार होती, त्यातले दोघे आता प्लेसमेंटची तयारी करायलेत आणि तिसऱ्यानं ड्रोन अजून हातात धरलेला नाही. यंदा सेल माझ्याकडं आलाय. कॉलेज १५ हजार देणार आहे. आमच्यातला एकजण म्हणतो आयआयटी मुंबईचा ई-सेल १९९८ पासून चालू आहे, ते युरेका नावाची मोठी स्पर्धा घेतात, आपणही तसंच करूया. मला ते पटत नाही पण दुसरं काय करायचं हेही सुचत नाही. इथं धंदा करणारे, करून बुडालेले, सगळे आहेत म्हणून विचारतोय. १५ हजारात काय केलं तर निदान चार पोरं खरोखर काहीतरी विकतील?

पंचगंगातीर
१५ हजारात चहाची टपरी होते. नाव ठेवा 'ई-सेल टी'. सर्टिफिकेटच्या मागं बटाटेवडा गुंडाळून द्या.

काळजीवाहू_आई
माझा मुलगा याच वयाचा आहे म्हणून लिहिते. हे सगळं ठीक आहे पण अटेंडन्सचं काय? आमच्याकडं मागच्या सेमला दोन विषय राहिले, कारण विचारलं तर "इव्हेंट होता". कसला इव्हेंट तर स्टेजवर बॅनर लावायचा. बॅनर लावून उद्योजक होतात हे मला तरी माहीत नव्हतं.

उद्यमनगरचा_नातू
काकू एक नंबर बोलला.
भावा, राग मानू नकोस पर तू ज्या गावात बसून हा प्रश्न विचारतोयस त्या गावात शिवाजी उद्यमनगर हाय. आमच्या आज्यानं तिथं एका लेथवर सुरुवात केली, शाळा चौथी. ऑइल इंजिनचं पार्ट करायचा. हिशोब भिंतीवर खडूनं. आता आमच्याकडं बारा माणसं हाईत आणि दरवर्षी दोन-तीन कॉलेजची पोरं 'इंडस्ट्रियल व्हिजिट'ला येत्यात. येत्यात, सेल्फी काढत्यात, चहा पित्यात, जात्यात. आजपर्यंत एकानं सुद्धा विचारलं न्हाई की काका हा जॉब तुम्ही किती रुपयाला करता आणि पैसं किती दिवसांनी मिळतात. धंदा म्हंजे ह्या दोन प्रश्नांची उत्तरं, बाकी सगळं पॉवर पॉइंट.
शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, तिन्हीकडं एमआयडीसी हाय. तुमचं सेल कुठं बघतंय तर मुंबईकडं.

पुण्यातला_कोल्हापूरकर
मी एका स्टार्टअपमध्ये आहे. जॉबवर्क (दुसऱ्याच्या ऑर्डरवर पार्ट करून देणं) आणि स्टार्टअप यात फरक करायला हवा. ई-सेलचा उद्देश स्केलेबल, म्हणजे झपाट्यानं मोठा करता येईल अशा धंद्याचा विचार शिकवणं हा असतो. लेथ लावून बसणं हे स्वयंरोजगार झालं. स्टार्टअप इंडिया योजना १६ जानेवारी २०१६ ला सुरू झाली, तिच्या व्याख्येतच नावीन्य आणि वाढीची क्षमता आहे. मुलांना लहान विचार करायला का लावताय?

उद्यमनगरचा_नातू
तुमचं स्टार्टअप नफ्यात हाय का?

पुण्यातला_कोल्हापूरकर
तो मुद्दा नाही.

पंचगंगातीर
😂😂 विषय एंड.

शीतल_क
मी आमच्या कॉलेजच्या सेलची सेक्रेटरी होते, २०१९ च्या बॅचला. आमचा अनुभव सांगते, जरा मोठा आहे.

आम्ही स्पर्धा बंद करून टाकली आणि प्रत्येक टीमला ५०० रुपये दिले. अट एवढीच की एका महिन्यानं ५०० परत करायचे आणि एक वही दाखवायची, रोजची जमा, रोजचा खर्च, कुणाची उधारी. नफा झाला तर तुमचा. नऊ टीम होत्या. दोन टीमनी पहिल्याच आठवड्यात पार्टी केली, त्यांच्याकडनं वसूल करताना मला जे काय शिकायला मिळालं ते एमबीएत नाही मिळालं. तीन टीमनी बरं केलं. आमच्या टीमनं आकाशकंदील करायचे ठरवले, आणि ऑगस्टमध्ये महापूर आला. शाहूपुरीत एका मैत्रिणीच्या घरी तळमजल्यावर कागद, काड्या, घोटीव पेपर सगळं ठेवलेलं. सगळं गेलं. माल जमिनीवर ठेवायचा नाही हे तेव्हा कळलं, आणि कोल्हापुरात राहून हे आधी कळायला हवं होतं हेही तेव्हाच कळलं. परत पैसे काढून केले कंदील, पण त्या दिवाळीला लोकांच्या खिशात काही नव्हतं. ५६ केले, ३१ विकले, राहिलेले अजून आईच्या माळ्यावर आहेत.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. ज्या तीन टीमनी बरं केलं त्या तिन्हीत एक तरी असा होता ज्याच्या घरी गल्ला आहे. एकाचं महाद्वार रोडला दुकान, एकीच्या वडिलांची लक्ष्मीपुरीत होलसेल, एकाचा हुपरीला चांदीचा धंदा. त्यांना ५०० रुपये नकोच होते. त्यांना माल उधारीवर मिळायचा. आणि शेतकऱ्याच्या, नोकरदाराच्या घरची पोरं रोखीनं घेत होती आणि उधारीवर विकत होती. वर होस्टेलच्या मुली, गेट सातला बंद, बाजार सुरू होतो सहाला. आमच्या समितीत अकरा जणांत मी एकटी मुलगी होते आणि हे गेटचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तर ५०० वाटणं चांगलं, पण ते सगळ्यांना सारखे ५०० नसतात एवढं लक्षात ठेव.

सेकंडइयर_मेक
शीतल ताई हे भारी सांगितलं. गेटचं मीपण कधी विचारात घेतलं नव्हतं. आमच्या चौदात तीन मुली आहेत, त्यांना आज विचारतो.

फाइलवाले_सर
मी एका कॉलेजात सेलचा समन्वयक आहे (तुझ्या नाही, घाबरू नकोस). आमची बाजू पण ऐका. २०१८ पासून शिक्षण मंत्रालयाची इन्स्टिट्यूशन्स इनोव्हेशन कौन्सिल आहे, तिमाहीला अमुक इतके कार्यक्रम, त्याचे फोटो, त्याचा रिपोर्ट, सगळं पोर्टलवर चढवायचं. लेक्चरचा फोटो निघतो. उधारी वसूल करणाऱ्या पोराचा फोटो कसा काढू? आम्हालाही कळतं की पाहुणे येऊन "मी गॅरेजमधून सुरुवात केली" सांगून गेल्यानं काही होत नाही, पण मार्चमध्ये फाइल बघणारा माणूस रिपोर्ट मागतो.
आणि पोरांना रोख पैसे वाटायचे तर अकौंट सेक्शन विचारतं पावती कुठाय. नफा झाला तर तो कॉलेजचा की पोरांचा? कॉलेजच्या खात्यात भरला तर परत काढता येत नाही. ५०० रुपयांच्या प्रयोगासाठी आमची तीन पत्रं झाली होती.

पंचगंगातीर
सर, तिन्ही पत्रांची झेरॉक्स कुणाकडनं काढली? तोच खरा उद्योजक.

भवानी_मंडप
थोडं विषयांतर करतो, माफी असावी, पण विषयाला धरूनच आहे.

कोल्हापुरात नवउद्योजकाला उभं करण्याचं काम शंभर वर्षांपूर्वी झालंय आणि ते सर्टिफिकेट देऊन झालेलं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरी वसवली, ती गुळाची पेठ झाली, १९०६ ला शाहू मिल काढली. हे मोठं काम सगळ्यांना माहीत आहे. पण मला गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल जास्त महत्त्वाचं वाटतं. पाण्याला शिवल्याबद्दल ज्या माणसाला मारहाण झाली त्याला महाराजांनी भांडवल दिलं आणि भाऊसिंगजी रोडला चहाचं दुकान काढायला लावलं, सत्यसुधारक हॉटेल. आता बघा, भांडवल देऊन काम संपलं असतं तर ते दुकान आठ दिवसात बंद पडलं असतं, कारण त्या काळात तिथं चहा प्यायला कोण जाणार? महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घ्यायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. म्हणजे भांडवलदारही तेच आणि पहिलं गिऱ्हाईकही तेच.

तुमचं कॉलेज १५ हजार देतंय. ठीक. पण कॉलेज तुमचं गिऱ्हाईक होतंय का? गॅदरिंगचे टी-शर्ट, स्मृतिचिन्हं, फाइली, पाहुण्यांना द्यायचे गुळाचे बॉक्स, हे सगळं कॉलेज दरवर्षी बाहेरून विकत घेतंच की.

(बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास याच गावात मिस्त्रींना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्यावर वेगळा धागा काढीन.)

उद्यमनगरचा_नातू
कॅमेऱ्याचा धागा काढाच. आणि गिऱ्हाईकाचं एकदम बरोबर. मशीन कुणीपण देतंय वो, बँक देती, सरकार देतंय. पहिली ऑर्डर कोण देत न्हाई.

पायताण
आमचं घर चपलांचं आहे, तीन पिढ्या, म्हणून बोलतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि गदारोळ झाला, त्यानंतर दोन महिन्यात आमच्या दारात कॉलेजच्या पाच टीम येऊन गेल्या. सगळ्यांना ऑनलाइन विकायची होती. चांगलंय, या. पण एकानंही ॲडव्हान्स आणला नाही. कातडं रोखीनं येतं. हाताची जोडी आज सांगितली न् उद्या मिळाली असं होत नाही. आणि ऑनलाइन मापाचा घोळ इतका असतो की परत आलेल्या जोड्यांचं काय करायचं हे कुणी विचारतच नाही, ते वडिलांच्या अंगावर.
एका टीमनं तर डब्यावर जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) शिक्काच छापून आणला. बाळांनो, २०१९ ला जीआय मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि तो शिक्का वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. कोल्हापुरात राहतो म्हणून लावला, असं चालत नाही. गुळाचंही तसंच, कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून जीआय आहे.
एक टीम मात्र परत आली. त्या पोरींनी विकायचं सोडलं आणि आमच्या जुन्या मापांचे कागद घेऊन, पायाच्या लांबीवरून कुठला नंबर बसतो त्याचा तक्ता करून दिला. तेवढ्यानं परत येणाऱ्या जोड्या कमी झाल्या. वडिलांनी त्यांना दोन हजार दिले, वर एक एक जोडी. माझ्या मते त्या पाचांत धंदा तेवढ्यांनीच केला.

पुण्यातला_कोल्हापूरकर
हे आवडलं. याला आम्ही प्रॉब्लेम डिस्कव्हरी म्हणतो.

पायताण
आम्ही याला डोकं म्हणतो.

निवृत्त_बँकवाला
मुलांसाठी काही कोरड्या गोष्टी. अठरा पूर्ण असेल तरच करार स्वतःच्या नावानं. चौघं मिळून करणार असाल तर आधी एका कागदावर कुणाचा किती वाटा लिहा, मैत्री टिकते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, आधार आणि पॅनवर ऑनलाइन, पूर्ण फुकट होते, त्यासाठी दीड हजार मागणारा एजंट भेटला तर त्याच्याकडनं फक्त चहा घ्या. मालाच्या उलाढालीला जीएसटीची मर्यादा राज्यातल्या राज्यात साधारण ४० लाख आहे, सेवेला २०, त्यामुळं तुमच्या कंदिलांना सध्या भीती नाही. खाण्याचा पदार्थ विकणार तर अन्न परवाना लागतो, लहान उद्योगाला साधी नोंदणी असते, फी नाममात्र.
कर्ज मात्र कॉलेजात असताना शक्यतो घेऊ नका. मुद्रा कर्ज योजना २०१५ ला आली, शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण मिळतं हे खरं आहे, पण माझ्या शाखेत त्यातनं घेतलेल्या बऱ्याच मोटारसायकली मी पाहिल्यात.

काळजीवाहू_आई
शेवटच्या ओळीसाठी धन्यवाद. घरी वाचून दाखवली.

तालमीतला
मला एक कळत न्हाई. गणपतीच्या मंडळात आमची हीच पोरं दारोदार फिरून वर्गणी काढत्यात, मांडववाल्याशी घासाघीस करत्यात, स्पॉन्सर आणत्यात, दोन-दोन लाखाचा हिशोब जमवून देत्यात. तीच पोरं कॉलेजच्या सेलमध्ये गेली की टाय घालून "गुड मॉर्निंग एव्हरीवन". मंडळाचा खजिनदार घ्या की सेलमध्ये! फुटबॉल टीमचा मॅनेजर घ्या!

शीतल_क
तालमीतला, मंडळाचा हिशोब गणपती गेल्यावर कधी लागतो ते पण सांगा.

तालमीतला
पुढच्या गणपतीच्या आधी 😄

सेकंडइयर_मेक
सगळं वाचलं, दोनदा. असं ठरवतोय: स्पर्धा नाही, लेक्चर एकच (सरांच्या फोटोसाठी). ५०० ची योजना करायची, मीटिंग दुपारच्या सुट्टीत, सहानंतर काही नाही. आणि यंदाच्या गॅदरिंगची स्मृतिचिन्हं आम्ही चौघं बनवून देतो म्हणून प्राचार्यांकडं जातोय. ६० नग लागतात. दुकानातनं ॲक्रेलिकची आणतात दरवर्षी. आम्ही ॲल्युमिनियमचं कास्टिंग करणार. उद्यमनगरचे दादा, मेसेज केलाय तुम्हाला.

उद्यमनगरचा_नातू
ये. सकाळी नऊच्या आत ये, नंतर माझं डोकं ठिकाणावर नसतंय.

फाइलवाले_सर
तीन कोटेशन लागतील. तुमचं एक, बाहेरची दोन. आणि तुमचं सगळ्यात कमी नसेल तर कारण लिहून द्यावं लागेल.

(अडीच महिन्यांनी)

सेकंडइयर_मेक
धागा वर काढतो. झालं!!
सगळा हिशोब देतो, कारण इथंच मागितला जाणार. पॅटर्न (ओतकामाचा नमुना) लाकडी, १८०० रुपये, दादांच्या ओळखीच्या मिस्त्रींनी केला. नगाला ४०० ग्रॅम धरून २४ किलो, फाउंड्रीनं ३२० रुपये किलोनं ओतून दिलं, ७६८०. बफिंग (घासून चकाकी आणणं) १५००. लाकडी बेस आणि स्टिकर २१००. बफिंग केल्यावर सात नगांना ब्लो होल (ओतताना हवेनं पडलेली भोकं) दिसले, फाउंड्रीवाल्यांनी बदलून दिले पण दोनदा रिक्षा, ३०० गेले. एकूण १३,३८०. कॉलेजला नग २६० नं दिला, १५,६००. नफा २२२०, चौघांत ५५५. दुकानाचं कोटेशन २७५ होतं, त्यामुळं आमचं सगळ्यात कमी निघालं.
पाहुण्यांनी हातात घेतल्यावर "वजन आहे की" म्हणाले, ते ऐकून बरं वाटलं.

५०० च्या सात टीम होत्या. चार टीमनी परत केले. एक टीम होस्टेलवर रात्री उकडलेली अंडी विकते, ती अजून चालू आहे, त्यांना थांबवताच येत नाही. मुलींच्या होस्टेलवर दोघींनी भाड्यानं लॅब कोट आणि ड्रॉइंग बोर्ड द्यायला सुरुवात केली, ज्युनिअर घेतात आणि गेटच्या बाहेर जावंच लागत नाही.

उद्यमनगरचा_नातू
शाब्बास. आता तुमची मजुरी धर. चौघांनी किती दिवस घातले?

सेकंडइयर_मेक
अकरा दिवस, रोज दोन-तीन तास...

उद्यमनगरचा_नातू
मग नफा न्हाई, तोटा हाय. पुढच्या साली ३२५ लाव. पॅटर्न आता फुकटात हाय तुझ्याकडं. वजनपण ३०० ग्रॅमवर आण, मागनं पोकळ कर.

पुण्यातला_कोल्हापूरकर
म्हणजे स्केलेबल आहे तर.

भवानी_मंडप
महत्त्वाचा प्रश्न: कॉलेजनं पैसे दिले का?

सेकंडइयर_मेक
तेच सांगायचं राहिलं. बिल देऊन ४८ दिवस झाले. अकौंटला गेलं की म्हणतात सही व्हायचीय.

फाइलवाले_सर
बिलावर इनवर्ड नंबर आणि तारीख घेतलीस का?

सेकंडइयर_मेक
इनवर्ड म्हणजे काय सर?

फाइलवाले_सर
अरे देवा. उद्या सकाळी बिलाच्या दोन प्रती घे, आवक खिडकीवर जा, एकीवर शिक्का मारून परत घे. शिक्का नाही तोवर ते बिल नसतं, नुसता कागद असतो.

निवृत्त_बँकवाला
उद्यम नोंदणी केली होती का? केली असेल तर २००६ च्या एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांच्या) कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, आणि सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते.

पंचगंगातीर
दुसऱ्या वर्षाच्या पोरानं प्राचार्यांवर तक्रार टाकली. तिसरं वर्ष कुठल्या कॉलेजात करणार?

सेकंडइयर_मेक
नोंदणी केलीय पण पोर्टल नको 🙏 शिक्क्याचं उद्या करतो.

उद्यमनगरचा_नातू
ते तुझं आणि कॉलेजचं. फाउंड्रीवाल्याचं दिलास का न्हाई? माझ्या शब्दावर त्यानं ओतलंय.

सेकंडइयर_मेक
दिलं दादा, पूर्ण. पहिल्याच आठवड्यात. चौघांनी मेसचे पैसे घातले.

काळजीवाहू_आई
मेसचे म्हणजे घरून पाठवलेले?

सेकंडइयर_मेक
काकू, तुमचा मुलगा नक्की कुठल्या कॉलेजला आहे?